निकोडीमस फसलं नव्हतं

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचा इतिहास आपण मराठीत वाचतो, तेव्हा त्याचे दोनच मुक्काम असतात: दक्षिणेतले कापसाचे मळे आणि मोठी शहरं. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती ओकलंडच्या ब्लॅक पँथरपासून प्रेरणा घेऊन, त्यामुळे हे शहरी चित्र आपल्या मनात अधिकच पक्कं झालं. या दोन मुक्कामांच्या मधे स्वतःच्या नावावर जमीन करून घेणारा एक शेतकरी होता. तो आपल्या वाचनात येत नाही. आलाच तर एका वाक्यात येतो: गुलामीतून सुटलेले काही निराधार लोक कॅन्ससच्या माळावर पळून आले, निकोडीमस नावाचं गाव वसवलं, पण रेल्वे आली नाही आणि गाव मेलं. अमेरिकेतही हे वाक्य सर्रास ऐकू येतं. ते मला मान्य नाही.

आधी ‘पळून आले’ हे घेऊ. १८७९ साली दक्षिणेतून हजारो कृष्णवर्णीय कुटुंबं घाबरून कॅन्ससकडे निघाली. या स्थलांतराचा प्रचार करणाऱ्या पॅप सिंगल्टनचं नाव त्या लोंढ्याशी जोडलं जातं. निकोडीमसला त्याच लोंढ्यात ढकलण्याची सवय लागली आहे. पण या गावाची कंपनी स्थापन झाली एप्रिल १८७७ मध्ये, म्हणजे दोन वर्षं आधी. सात संस्थापकांपैकी सहा कृष्णवर्णीय होते. सातवा, डब्ल्यू. आर. हिल, हा गोरा जमीन-व्यापारी. त्यांनी जाहिराती छापल्या, वर्गणी ठरवली, केंटकीतल्या लेक्सिंग्टन-जॉर्जटाउन भागातून कुटुंबं जमवली. १८६२ च्या होमस्टेड कायद्यानं पाच वर्षं राहून कसणाऱ्याला १६० एकर जमीन मिळत होती, आणि ही माणसं त्या कायद्याचा हिशेब करून आली होती.

जाहिरातीतलं गाव मात्र जागेवर नव्हतं. १८७८ मध्ये आलेल्या विलियाना हिकमन यांनी पुढे आठवण सांगितली आहे: गाव कुठे आहे असं विचारलं, तर नवऱ्यानं जमिनीतून निघणाऱ्या धुराकडे बोट दाखवलं. माणसं जमिनीत खणलेल्या घरांत राहत होती. त्या रडल्या. काही कुटुंबं आल्यापावली परतली. उरलेल्यांकडे नांगराला पुरेशी जनावरं नव्हती, तेव्हा त्यांनी कुदळी-फावड्यांनी माती फोडली. पहिल्या हिवाळ्यात शिकारीहून परतणाऱ्या ओसेज लोकांनी त्यांना आपल्याजवळचं मांस दिलं. ज्या ओसेजांना थोड्याच वर्षांपूर्वी कॅन्ससमधून हुसकावून लावलं होतं, त्यांनीच या नव्या वस्तीला जगवलं, याचा उल्लेख त्या एका वाक्यात कधीच नसतो.

आणि मग? जेनी स्मिथ फ्लेचर यांनी जमिनीतल्या खोलीत शाळा भरवली. दोन वर्तमानपत्रं निघाली, दगडी दुकानं आणि चर्च उभी राहिली. निकोडीमसला येऊन वसलेला एडवर्ड मकेब १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचा लेखापरीक्षक म्हणून निवडून आला. राज्य पातळीवरच्या पदावर पोहोचलेला तिथला तो पहिला कृष्णवर्णीय.

आता रेल्वे. १८८७ मध्ये गावानं मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरचे कर्जरोखे मंजूर केले, पण ती कंपनी आलीच नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकनं रूळ टाकले ते सॉलोमन नदीच्या दक्षिणेकडून, काही मैलांवर. तिथे बोग हे नवं गाव उठलं आणि दुकानदार तिकडे गेले. हा घाव खरा होता, मी तो नाकारत नाही. मकेबसुद्धा ओक्लाहोमाला निघून गेला, हाही विरोधी बाजूचा बळकट मुद्दा आहे. पण रेल्वेनं वळसा घातल्यामुळे त्या मैदानी प्रदेशातली गोऱ्यांची कितीतरी गावंही बसली. तिथे मात्र कोणी त्यांच्या रंगाच्या कुवतीविषयी निष्कर्ष काढत नाही.

मुळात गेले कोण, हे पाहायला हवं. गेली ती बाजारपेठ. शेतकरी राहिले, कारण जमीन उचलून बोगला नेता येत नाही. गाव १८८८ ला मेलं असेल, तर १९३९ मध्ये तिथे दगडी ग्रामसभागृह कोणासाठी बांधलं? १९५३ पर्यंत टपाल कचेरी कोणासाठी चालू होती? १९३२ मध्ये इथेच जन्मलेला व्हेरिल स्विट्झर १९५४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगच्या खेळाडू-निवडीत चौथ्या क्रमांकावर घेतला गेला, तो कुठल्या मेलेल्या गावचा होता? वस्ती खरी ओसरली ती मंदी आणि १९३० च्या दशकातल्या धुळीच्या वादळांनी, आणि ती त्या पट्ट्यात सगळ्यांचीच ओसरली.

गावाची लोकसंख्या मोजून यशापयश ठरवणं हीच मूळ चूक आहे. दहा-बारा वर्षांपूर्वीपर्यंत ज्यांना कायद्यानं मालमत्ता मानलं होतं, त्यांनी मालमत्ता केली. आपल्या भाषेत सांगायचं तर सातबाऱ्यावर नाव लावलं. महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, त्यानंतर चारच वर्षांनी हे घडत होतं. ती अर्पणपत्रिका आपल्याला पाठ आहे. मुक्त झालेल्या त्या माणसांनी पुढे स्वतः काय उभारलं, तेही आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं.

१९९६ पासून निकोडीमस राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ आहे. राहणारे मोजकेच आहेत. दर जुलैच्या अखेरीस मुक्तिदिनाच्या सोहळ्याला वंशज देशभरातून गावी येतात, आणि आजूबाजूची काही शेतं आजही त्याच घराण्यांच्या हातात आहेत.