भंडाऱ्याचे मामा तलाव : पाळ कोणी बांधली, पाणी कोणी वाटले

भंडारा जिल्ह्याच्या सरकारी दप्तरात 'मा. मा. तलाव' अशी नोंद वारंवार आढळते आणि गावोगावी तिचा उच्चार 'मामा तलाव' असा होतो. 'माजी मालगुजारी तलाव' या शब्दांचे हे संक्षिप्त रूप असून, पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि नागपूर या जिल्ह्यांत मिळून अशा तलावांची संख्या सहा हजारांहून अधिक भरते. मालगुजार म्हणजे गावाचा शेतसारा गोळा करून तो सरकारात भरणारा जमीनमालक; त्यामुळे हे सारे तलाव मालगुजारांनीच बांधले असावेत, असा समज या नावावरून सहज होतो. हा समज अपुरा आहे. मालगुजारीला कायदेशीर मालकीचे रूप एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इंग्रजी राजवटीतील जमाबंदीच्या वेळी मिळाले, तर यांतील अनेक मोठे तलाव त्यापूर्वीच पिढ्यानपिढ्या भरत आणि रिते होत आले होते. तलावांना नाव मिळाले ते त्यांच्या अखेरच्या खाजगी मालकांचे. बांधणारे आणि राखणारे मात्र त्या नावात कोठेच दिसत नाहीत.

वैनगंगेच्या या खोऱ्यात वर्षाला सरासरी सुमारे १,३०० मिलिमीटर पाऊस पडतो. मराठवाड्याच्या किंवा माणदेशाच्या तुलनेत हा आकडा समृद्धीचा वाटतो, पण तेवढ्यावर येथील शेतकऱ्याचे भागत नाही, कारण धानाच्या पिकाला पाऊस किती पडला यापेक्षा तो केव्हा पडला याचे महत्त्व अधिक असते. आषाढात रोवणीसाठी, म्हणजे वाढवलेली रोपे उपटून चिखलात पुन्हा लावण्यासाठी, बांधीत, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या शेतात, पाणी साचलेले असावे लागते. आणि भाद्रपद-आश्विनात लोंबी पोटरीत असताना पावसाने पाठ फिरवली, तर तोवर हिरवेगार दिसणारे शेत पोचट दाण्यांचे निघते. त्यातच जिल्ह्याच्या मोठ्या भागाखाली कठीण, प्राचीन खडक असल्यामुळे जमिनीच्या पोटात फारसे पाणी मुरत नाही. पावसाळ्याच्या मधल्या खंडात आणि अखेरच्या पंधरवड्यात हाताशी असेल असे पाणी गावाजवळच उंचावर अडवून ठेवणे, हाच यावर उपाय होता. हे तलाव उन्हाळी बागायतीसाठी नव्हे, तर प्रामुख्याने पावसाळी पिकाचा विमा म्हणून जन्माला आले, ही गोष्ट त्यांच्या आजच्या उपयोगाची चर्चा करताना बहुधा विसरली जाते.

तलावांच्या निर्मितीचे श्रेय परंपरेने कोहळी समाजाला दिले जाते. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या मध्य प्रांतातील जाती-जमातींवरील ग्रंथात, वैनगंगेचे खोरे ज्या मोठ्या जलाशयांसाठी प्रसिद्ध आहे त्यांचे निर्माते म्हणून कोहळ्यांचा आवर्जून उल्लेख आहे. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना कोहळ्यांच्या पूर्वजांना या प्रदेशात आणले, अशी या समाजाची पारंपरिक समजूत तेथेच नोंदलेली आहे. या कथेला ऐतिहासिक पुरावा कितपत आहे हा प्रश्न बाजूला ठेवला, तरी तिच्यामागील राज्यकारभाराचे धोरण मात्र खरे असल्याचे दिसते. कारण चांद्याच्या गोंड राज्यात तलाव बांधणाऱ्याला जमीन माफीने देण्याची प्रथा होती आणि अशा जमिनीला 'तुकूम' म्हणत. चंद्रपूर शहरातील एका वस्तीचे तुकूम हे नाव त्या प्रथेची आठवण आजही जपून आहे. राजाने खजिन्यातून पैसा न काढता श्रमाच्या मोबदल्यात जमिनीचा हक्क द्यायचा आणि बांधणाऱ्याने आपल्याच पिकासाठी पाळ सांभाळायची, अशी ही रचना होती. पाळीची चिंता आणि पिकाची चिंता एकाच घरात राहील, याची तजवीज तिच्यातच झालेली होती.

या परंपरेतील सर्वांत प्रसिद्ध तलाव म्हणजे नवेगावबांध. १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाल्यापासून तो गोंदियात मोडतो, पण त्याचा इतिहास भंडाऱ्याच्याच इतिहासाचा भाग आहे. तो कोलू पाटील कोहळी याने बांधला असे परंपरा सांगते आणि लोकमानसात हाच पाटील पुढे 'कोलासुर' या नावाने देवपदाला पोहोचला. पाळ बांधणाऱ्याला देव मानणाऱ्या समाजाने पाण्याला दिलेले मोल यापेक्षा वेगळ्या शब्दांत सांगण्याची गरज नाही. साकोली तालुक्यातील शिवनीबांध हाही याच परंपरेतला, आणि 'बांध' हा शब्द गावाच्या नावातच मिसळून गेल्याचे आणखी एक उदाहरण.

बांधणीची रीत साधी होती, पण तिच्यामागील नजर साधी नव्हती. दोन टेकड्यांच्या मधली खिंड किंवा उताराच्या तोंडाशी असलेली अरुंद जागा हेरून तेथे मातीची पाळ घालत. माती तलावाच्या पोटातूनच खणली जाई आणि टोपल्यांनी वाहून थरावर थर दाबला जाई, त्यामुळे एकाच श्रमात पाळ उंच आणि तलाव खोल होत असे. पाळीच्या एका टोकाला, कठीण मुरूम किंवा खडक लागेल अशा जागी सांडवा ठेवत. सांडवा म्हणजे तलाव भरल्यावर जादा पाणी पाळीला धक्का न लावता निघून जाण्याची वाट. हे पाणी वाया जात नसे. ते खालच्या तलावात, तेथून एखाद्या बोडीत, म्हणजे शेतापुरत्या लहान तळ्यात, आणि अखेरीस बांध्यांतून नाल्याला मिळे. म्हणूनच हा एकेक तलाव सुटा पाहणे चुकीचे ठरते. वरचा तलाव फुटला तर खालच्यांवर संकट येई, आणि वरच्याने सांडवा उंचावला तर खालचे कोरडे पडत. एका गावाचे पाणी हे शेजारच्या गावाशी असलेले नातेही होते.

पाणी सोडण्याच्या व्यवस्थेला येथे 'तुडूम' म्हणतात. पाळीच्या आतल्या अंगाला उभ्या रचनेत एकाखाली एक छिद्रे ठेवलेली असत आणि ती बुचांनी बंद केलेली असत. पाण्याची पातळी जसजशी उतरेल तसतसे वरून खाली एकेक बुच काढले जाई, म्हणजे नेहमी वरच्या थरातले पाणी, थोड्या दाबाने, पाळीखालच्या मोरीतून पाटात उतरत असे. सगळ्यांत खालचे छिद्र उघडण्याची वेळ येणे म्हणजे वर्ष कठीण असल्याची खूण. हे काम पाणकराचे असे. कोणत्या बांधीत हलका धान आहे, म्हणजे लवकर निसवणारा, आणि कोणत्या बांधीत भारी, म्हणजे उशिरा निसवणारा, हे त्याला पाठ असे. पाण्याचा शेवटचा हप्ता भारी धानाला लागतो, म्हणून तो आधीच राखून ठेवण्याचे धैर्य त्याच्या अंगी असावे लागे. त्याचा मोबदला बहुधा सुगीला धान्याच्या रूपाने मिळे, आणि त्यामुळे पीक बुडाले तर त्याचेही नुकसान होत असे.

इंग्रजी अमलात १८६१ साली मध्य प्रांत स्थापन झाला आणि पुढील जमाबंदीत गावाच्या पाटलांना व सारावसुली करणाऱ्यांना मालकी हक्क देण्यात आला. गावाच्या चालीरीती 'वाजिब-उल-अर्ज' या दस्तऐवजात लिहून घेतल्या जाऊ लागल्या, आणि गावकऱ्यांचे पाणी, चराई, सरपण यांविषयीचे सामाईक हक्क 'निस्तार' या नावाने ओळखले गेले. या काळाचे कौतुक करताना हात आखडता घ्यायला हवा. मालगुजाराचा स्वार्थ पाण्यात गुंतलेला असल्यामुळे तलाव दुरुस्त राहिले हे खरे. पण ती दुरुस्ती पुष्कळदा कुळांच्या आणि मजुरांच्या बेगारीवर, म्हणजे बिनमोबदल्याच्या सक्तीच्या श्रमावर झाली, हेही तितकेच खरे. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळांनंतर १९०१-०३ च्या सिंचन आयोगाने मध्य प्रांतात संरक्षक सिंचनाची कामे सुचवली आणि सरकार स्वतः मोठे तलाव बांधू लागले. तेव्हापासून अभियंत्यांचे तलाव आणि गावाचे तलाव अशी विभागणी सुरू झाली.

निर्णायक बदल १९५१ मध्ये झाला. तत्कालीन मध्य प्रदेशाचा मालकी हक्क निर्मूलनाचा १९५० चा कायदा ३१ मार्च १९५१ पासून अमलात आला, मालगुजारी संपली आणि तलाव सरकारजमा झाले. कुळांच्या दृष्टीने हा न्याय्य आणि आवश्यक कायदा होता. मात्र त्याने मालकी काढून घेताना देखभालीची जबाबदारी कोणावर, याचे उत्तर गावाच्या पातळीवर दिले नाही. १९५६ मध्ये भंडारा मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा स्थापन झाल्यावर १०० हेक्टरांपर्यंत सिंचन करणारे तलाव त्यांच्याकडे आणि मोठे तलाव पाटबंधारे खात्याकडे गेले. निस्तार हक्काने मिळणाऱ्या पाण्यावर पाणीपट्टी का भरावी, असा प्रश्न शेतकऱ्यांनी विचारला, तर उत्पन्न नसलेल्या तलावावर खर्च कशातून करावा, असा प्रश्न खात्यापुढे होता. या दोन प्रश्नांच्या मधल्या पोकळीत गाळ साचत गेला, पाळींवर बेशरमाची झुडपे माजली आणि तलावाच्या पोटात अतिक्रमणे झाली.

तलावावर जगणारा आणखी एक समाज म्हणजे ढिवर, आणि सिंचनाच्या हिशेबात तो जवळजवळ नेहमीच गाळला जातो. मासेमारीचे हक्क सहकारी संस्थांकडे आले, पण कटला, रोहू आणि मृगळ यांच्या बीजावर भर देताना स्थानिक मासे व त्यांना आसरा देणाऱ्या पाणवनस्पती मागे पडल्या. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि त्याच्याशी जोडलेल्या ढिवर स्त्री-पुरुषांनी काही तलावांतून बेशरम उपटून, तळ नांगरून, देशी वनस्पतींची पुन्हा लागवड केली. तलावाची खोली म्हणजेच त्याचे आरोग्य नव्हे, हे त्या कामाने दाखवून दिले. महाराष्ट्रात सारस पक्षी आज मुख्यतः गोंदिया-भंडाऱ्याच्या या तलावांच्या आणि धानबांध्यांच्या आधारानेच तग धरून आहे.

२०१७ पासून राज्यात 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजना राबवली जात आहे आणि तलावातला सुपीक गाळ शेतात जाणे ही चांगलीच गोष्ट आहे. परंतु मामा तलावांचा इतिहास पाहता, केवळ खोदकामाने ते पूर्ववत होणार नाहीत. जेथे तलावाची दुरुस्ती हाती घेतली जाईल, तेथे जिल्हा परिषदेने आणि ग्रामसभेने माती, दगड व यंत्रांच्या खर्चाबरोबर पाणकराच्या वार्षिक मानधनाची एक ओळ अंदाजपत्रकात घालावी, आणि तुडूम केव्हा उघडायचे हे ठरवताना पाळीखालच्या शेतकऱ्यांबरोबर ढिवरांनाही बोलवावे.