हाड जुळलं, पण सांधा?

गोपाळकाल्याच्या दुसऱ्या दिवशी विलेपार्ल्याच्या कूपरमध्ये, घाटकोपरच्या राजावाडीत, जोगेश्वरीच्या ट्रॉमा केअर रुग्णालयात दहीहंडीच्या थरांवरून पडून हातापायांना प्लास्टर घातलेले तरुण दिसतात. वर्तमानपत्रांत जखमींचा आकडा छापून येतो आणि दोन-तीन दिवसांत विषय मागे पडतो. घरी भेटायला आलेली माणसं धीर देतात, ‘हाड जुळलं ना, मग झालं!’ मांडीचं किंवा दंडाचं हाड मधोमध मोडलं असेल, तर हा धीर बहुतेक वेळा खरा ठरतो. मोड सांध्याच्या आत गेली असेल, तर तो अर्धाच खरा असतो. हे वैद्यकाला कसं उमगत गेलं, ते पाहण्यासारखं आहे.

आपल्याकडे सुरुवात सुश्रुतापासून करावी लागते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात सांध्याच्या इजा आणि हाडाच्या दांड्याची मोड असे दोन गट केले आहेत. पहिल्याचे सहा प्रकार, दुसऱ्याचे बारा. सांध्याच्या प्रकारांतला पहिलाच ‘उत्पिष्ट’, म्हणजे चेचला गेलेला सांधा. त्याची लक्षणं दिली आहेत दोन्ही बाजूंनी सूज आणि रात्री विशेष जाणवणाऱ्या वेदना. उपचारात तर आणखी मोलाची गोष्ट आहे. हाताच्या इजेनंतर रुग्णाला आधी मातीचा गोळा धरायला द्यावा आणि बळ आल्यावर दगड, असं तिथे सांगितलं आहे. बांधून ठेवणं हा उपचार, तसंच हळूहळू कामाला लावणं हाही उपचारच.

सांध्याच्या आत नेमकं काय बिघडतं, हे कळायला मात्र १७४३ साल उजाडलं. लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी रॉयल सोसायटीपुढे सांध्यातल्या कूर्चेवर निबंध मांडला. एकदा नष्ट झालेली कूर्चा पुन्हा भरून येत नाही, हा त्यांचा निष्कर्ष आजही बराचसा टिकून आहे. त्याचं कारण कूर्चेच्या घडणीतच आहे. हाड मोडलं की रक्तस्राव होतो, त्या रक्ताच्या गाठीतूनच दुरुस्ती सुरू होते. कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या या काही मिलिमीटर जाडीच्या गुळगुळीत थरात, मात्र रक्तवाहिन्या नसतात. सांधा हलला, दाबला गेला, सुटला की त्यातल्या द्रवातून तिचं पोषण होतं. तिच्यात मज्जातंतूही नसतात, म्हणून ती झिजत असताना दुखतही नाही. दुखायला लागतं तेव्हा बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं.

पुढच्या दोन शोधांनी हाडांचं भलं केलं, पण कूर्चा दुर्लक्षितच राहिली. डच लष्करी शल्यविशारद मथायसन यांनी १८५२मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या पट्ट्यांची पद्धत प्रसिद्ध केली. हाड जागेवर राहू लागलं, पण आठवडेच्या आठवडे जखडलेला सांधा आखडू लागला. १८९५मध्ये राँटगेन यांना क्ष-किरण सापडले. मोड डोळ्यांना दिसू लागली, पण साध्या एक्स-रेत कूर्चा उमटत नाही, दोन हाडांमधली मोकळी जागा तेवढी दिसते. त्यामुळे ‘एक्स-रे चांगला आहे’ एवढ्यावरून कूर्चा चांगली आहे असं ठरत नाही.

खरं वळण आलं १९५८मध्ये. स्वित्झर्लंडच्या शल्यविशारदांनी ‘एओ’ हा गट स्थापन केला आणि सांध्यातल्या मोडीसाठी शिस्त घालून दिली. सांध्याचा पृष्ठभाग तंतोतंत जुळवायचा, प्लेट-स्क्रूने घट्ट बसवायचा आणि सांधा लवकर हलवायला लागायचं. टोरांटोच्या रॉबर्ट सॉल्टर यांनी सशांवर प्रयोग करून दाखवलं की सांधा सतत हलता ठेवला तर कूर्चेची जखम अधिक चांगली भरते. ऑपरेशननंतर पाय सावकाश वाकवणारं सीपीएम मशीन आलं ते त्यांच्याच संशोधनातून.

तंतोतंत म्हणजे किती? १९८६मध्ये नर्क आणि ज्युपिटर यांनी मनगटाच्या सांध्यात मोड झालेल्या तरुणांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. पृष्ठभाग सपाट जुळलेल्यांपैकी ११ टक्के मनगटांत एक्स-रेवर संधिवात दिसला, तुकड्यांमध्ये पायरीसारखा उंचसखलपणा राहिलेल्यांपैकी ९१ टक्के मनगटांत. अभ्यास लहान होता आणि त्याच्या पद्धतीतल्या उणिवा पुढे खुद्द ज्युपिटर यांनीच मांडल्या. एक्स-रेवर झीज दिसलेल्या प्रत्येकाला त्रास होतोच असंही नाही. तरी मिलिमीटर मोजून सांधा जुळवण्याची सवय त्यातून पक्की झाली.

सांधा तंतोतंत जुळला, तरी धोका पूर्ण टळत नाही. उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाच्या घोट्यात खालचं हाड वरच्यावर आदळतं आणि त्या धक्क्यातच कूर्चेतल्या काही पेशी मरतात. नंतरच्या सुजेत आणखी काही जातात. अमेरिकेतल्या २००६च्या एका अंदाजानुसार खुबा, गुडघा आणि घोटा यांच्या त्रासदायक संधिवातापैकी सुमारे १२ टक्के जुन्या इजेतून आलेला असतो. घोट्याच्या संधिवातात तर बहुतेक वेळा जुनी इजाच सापडते.

आता पुन्हा आपल्या उपनगरात येऊ. जोगेश्वरीच्या जय जवान पथकाने २०१२मध्ये ठाण्यात नऊ थर रचून ४३ फुटांहून उंच मनोऱ्याचा विक्रम केला. मुंबई उच्च न्यायालयाने २०१४मध्ये उंचीवर २० फुटांची मर्यादा घातली, ती २०१७मध्ये उठली आणि गोविंदाचं किमान वय १४ झालं. २०२२मध्ये राज्य शासनाने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला, गोविंदांना विमाकवच दिलं. हे योग्यच झालं. पण विमा असतो पडण्याचा. सांध्याची झीज दिसते ती पाच, दहा, कधी वीस वर्षांनी, आणि तोवर त्या इजेची नोंद कुणाकडेच नसते.

म्हणून पथकांच्या प्रमुखांना आणि घरच्यांना विनंती आहे. मोड झाली की डॉक्टरांना आधी विचारा, ‘मोड सांध्यात गेली आहे का?’ उत्तर ‘हो’ असेल, तर एक्स-रे आणि सीटी स्कॅन जपून ठेवा. डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून फिजिओथेरपी करा, ती मध्येच सोडू नका. वजन वाढू देऊ नका, मांडीचे स्नायू बळकट ठेवा, आणि दुखत नसलं तरी ठरल्याप्रमाणे तपासणीला जा. शासनाने विम्यात फिजिओथेरपीचा आणि पुढच्या काही वर्षांच्या तपासणीचा खर्च घ्यावा, ही मागणी पथकांनी पुढच्या सरावाआधीच करायला हवी.