जोड, निकाल आणि प्रेक्षक

कुस्तीचा इतिहास म्हणजे जिंकणाऱ्यांची नामावली, अशी आपल्याकडे एक समजूत आहे. कोणत्या साली कोणी कोणास आस्मान दाखविले आणि गदा कोणाच्या खांद्यावर गेली, एवढे नोंदविले की इतिहासकाराचे काम संपले. परंतु ज्या हजारो माणसांनी हौद्याभोवती बसून त्या कुस्त्या पाहिल्या, पाहण्यापूर्वी पंधरा दिवस त्यांवर वाद घातले आणि पाहून झाल्यावर वर्षानुवर्षे त्यांचा न्यायनिवाडा केला, त्यांच्या मतांकडे कोणी वळून पाहत नाही. आमच्या मते ही उपेक्षा योग्य नाही. मल्ल तालमीत घडतो हे खरे. पण त्याची जोड लोकमताने ठरते आणि त्याची कीर्ती टिकते तीही लोकमताच्या बळावर. हे लोकमत पूर्वी कशावर उभे होते आणि आज त्याचा पाया का हलला आहे, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

माळशिरस तालुक्यातील श्रीपूर हे गाव बाहेरच्यांस ठाऊक आहे ते साखरेमुळे. १९३४ साली स्थापन झालेल्या बृहन्महाराष्ट्र शुगर सिंडिकेटचा कारखाना येथे उभा राहिला आणि आसपासच्या रानांत ऊस दिसू लागला. उसाचा पैसा आणि कुस्तीचा शौक यांचे नाते पश्चिम महाराष्ट्रात सर्वत्र आढळते. मल्लाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदाम. तो एका घराला झेपत नाही, त्यास गावाचा हात लागतो. गळीत हंगाम आटोपला, ऊसतोडीच्या गाड्या परतल्या, की चैत्रात जत्रांचे दिवस येतात. आणि जत्रा आली की मैदान आलेच. अकलूज, श्रीपूर, महाळुंग या पट्ट्यात मग जागोजागी पत्रके लागतात. एक नंबरची कुस्ती, दोन नंबरची, तीन नंबरची. प्रत्येकीपुढे इनामाचा आकडा, आणि मल्लाच्या नावाखाली त्याच्या तालमीचे किंवा वस्तादाचे नाव. ज्याने वर्तमानपत्राचा अग्रलेख उभ्या जन्मात वाचला नाही, असा गृहस्थही हे पत्रक अक्षर न् अक्षर वाचतो, आणि वाचून झाल्यावर म्हणतो, ‘ही जोड बरोबर लागलेली नाही.’

या एका वाक्यात मोठे शास्त्र भरलेले आहे. जोड लावणे म्हणजे दोन सारख्या वजनाचे गडी समोरासमोर उभे करणे एवढेच नव्हे. जुना जाणता प्रेक्षक चार गोष्टी पाहतो. पहिली अंगलट: कोणाची मान जाड, कोणाची कंबर बारीक, कोणाचे पाय लांब. दुसरी दम: दहा मिनिटांनंतर छातीचा भाता किती वाजतो. तिसरी हात: ढाक कोणाची पक्की, घिस्सा कोणाचा, पट काढण्यात कोण चपळ. आणि चौथी, जी सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे पडतीच्या वेळी गडी काय करतो. खाली आलेला मल्ल जर पोटावर घट्ट बसून राहिला तर त्याचा हिशेब वेगळा, आणि खालूनच उसळी घेणारा असला तर वेगळा. पोरांची कुस्ती रेवड्यांवर किंवा नारळावर लागते तेव्हापासून हे डोळे तयार होत असतात. कोणत्याही शाळेत न शिकविलेली ही परीक्षकता आहे, आणि सुशिक्षितांनी तिला गावंढळ शौक म्हणून नाक मुरडण्याचे कारण नाही.

या परीक्षकतेचा आधार एकच होता: निकाली कुस्ती. वेळेचे बंधन नाही, गुणांचा हिशेब नाही. दोन्ही खांदे मातीला लागले की संपले. हा निकाल शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्यासही पंचाइतकाच स्पष्ट दिसे. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबागेचे मैदान बांधविले, त्यामागे हेच तत्त्व दिसते. १९०२ साली विलायतेच्या प्रवासात महाराजांनी रोममधील प्राचीन रंगमंडल पाहिले होते. १९१२ साली खासबाग खुले झाले ते इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांच्या कुस्तीने. मैदानाची घडण कढईसारखी आहे. मध्ये हौदा, भोवती चढत गेलेली बैठक. कोठेही बसा, मल्लाची पाठ तुमच्या नजरेतून सुटत नाही. राजाने हजारो रयतेस एकाच वेळी साक्षीदार करून ठेवले, असे आम्हांस वाटते.

निकाली पद्धतीतही वाद होतच. याच इमामबक्षाचे वडील बंधू गामा १९१० साली विलायतेस गेले. १० सप्टेंबर रोजी लंडनमध्ये पोलंडचा झ्बिस्को त्यांच्याशी लढला. लढला म्हणण्यापेक्षा अंग चोरून गादीला चिकटून राहिला म्हणणे अधिक खरे. अडीच तासांहून अधिक काळ हा प्रकार चालला आणि कुस्ती बरोबरीत सुटली. आठवड्याने पुन्हा गाठ ठरली, त्या दिवशी झ्बिस्को फिरकलाच नाही. यावर कोणी म्हणत, गामास त्यास उलथविता आले नाही. कोणी म्हणत, जो उभाच राहत नाही त्यास पाडावयाचे कसे? हा वाद अठरा वर्षे चालला आणि १९२८ साली पतियाळास मिटला. दोघेही तारुण्य ओलांडलेले. तथापि गामांनी झ्बिस्कोस एका मिनिटाच्या आत चीत केले. येथे ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही, की लोकमतातील वादाचा निवाडा शेवटी कुस्तीनेच केला. मते कितीही कडवी असोत, मातीचा निकाल आल्यावर ती नमत असत.

गुणांची पद्धत आली आणि हे चित्र पालटले. ती वाईट होती असे आमचे म्हणणे नाही. जगाच्या आखाड्यात उतरावयाचे तर गादी, वजनाचे गट, घड्याळ आणि गुण स्वीकारल्यावाचून गत्यंतर नव्हते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये सहावे आले, आणि १९५२ साली हेलसिंकीस त्यांनी कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. मातीत वाढलेल्या गड्याने परक्या नियमांवर मिळविलेला तो विजय होता. पुढे महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेने १९६१ पासून ‘महाराष्ट्र केसरी’ हा किताब सुरू केला. आज माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता यांची अखेरची गाठ घालून तो दिला जातो. जुन्या आणि नव्या युगांची ही जोडच म्हणावयाची.

पण गुण आले म्हणजे निकाल डोळ्यांकडून नियमाकडे गेला. पाश्चात्त्यांच्या मुष्टियुद्धातही हेच घडले आहे. २२ सप्टेंबर १९२७ रोजी शिकागोत डेम्प्सीने टनीस सातव्या फेरीत लोळविले. परंतु प्रतिस्पर्धी पडताच दूरच्या कोपऱ्यात जावयाचे, हा नवा नियम तो विसरला. तो कोपऱ्यात जाईपर्यंत पंचांनी आकडे मोजण्यास प्रारंभ केला नाही. तेवढ्या अवधीत टनी सावरला, उठला आणि अखेर गुणांवर जिंकला. नियमाप्रमाणे पंच बरोबर होते. तरीही त्या काही क्षणांवर शौकीन लोक अजून भांडतात. कारण त्यांच्या डोळ्यांनी एक पाहिले आणि कागदाने दुसरे सांगितले.

असाच प्रसंग सोलापूर जिल्ह्याच्या वाट्यास आला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या महाराष्ट्र केसरी स्पर्धेत माती विभागाची अंतिम कुस्ती मोहोळचा सिकंदर शेख आणि मंगळवेढे तालुक्यातील महेंद्र गायकवाड यांच्यात झाली. दोघेही याच जिल्ह्याचे. सिकंदर कोल्हापूरच्या गंगावेस तालमीत घडलेला, झेप घेण्यात विजेसारखा. महेंद्र उंच, भारदस्त, सहज न हलणारा. महेंद्राने बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्यास चार गुण दिले. नियम असा, की पडणाऱ्याची पाठ जमिनीकडे वळून तो धोक्याच्या स्थितीत आला तर चार गुण, नाही तर दोन. सिकंदर त्या स्थितीत आला होता की नाही, यावर पुढे आठवडेच्या आठवडे वाद चालला. निर्णय कायम राहिला. अंतिम फेरीत महेंद्रास शिवराज राक्षे याने एका मिनिटाच्या आत चीत केले.

वाद गुणांपुरता राहिला असता तर त्यास आम्ही शौकच म्हटले असते. पण कोणी त्यात तालमीचा अभिमान आणला, तर कोणी मल्लाचा धर्म. पंचांस धमकी आल्याची तक्रार पोलिसांपर्यंत गेली. जाणत्या प्रेक्षकाचे मत आणि जमावाचा राग यांतील अंतर येथे दिसून आले. त्याच वर्षी १० नोव्हेंबरला पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे सिकंदरने माती विभाग जिंकला आणि राक्षे यास अर्ध्या मिनिटाच्या आतच आस्मान दाखवून किताब घेतला. दहा महिन्यांत जे शब्दांनी साधले नव्हते ते काही क्षणांत साधले. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला मात्र उलट घडले. राक्षेची पाठ टेकली असा निर्णय पंचांनी दिला. तो न मानता त्याने पंचांवर लाथ उगारली. अंतिम कुस्तीत महेंद्र पंचांच्या निर्णयावर रुष्ट होऊन वेळ संपण्यापूर्वीच मैदानाबाहेर पडला, आणि पृथ्वीराज मोहोळ विजयी ठरला. राक्षे व महेंद्र या दोघांवर तीन वर्षांची बंदी घालण्यात आली. वर्षानुवर्षांची मेहनत एका क्षणाच्या रागात गेली, हे पाहून खऱ्या शौकिनास आनंद झाला नसेल.

मग प्रेक्षकाने मत बाळगूच नये काय? आमचे म्हणणे नेमके याच्या उलट आहे. मत बाळगावे, आणि ते कुस्तीपूर्वी बोलून दाखवावे. आम्हीही बाळगतो. सिकंदर आणि महेंद्र यांची जोड पत्रकावर आली, तर पहिल्या दोन मिनिटांची कुस्ती आम्ही सिकंदरच्या पदरात घालू. त्याच्या झोळीस आणि झेपेस तेवढा अवधी पुरतो. ती वेळ टळून अंगाला अंग भिडले, तर महेंद्राच्या उंचीचा आणि वजनाचा भार जाणवू लागेल असे आम्हांस वाटते. हे मत कुस्तीने खोटे ठरविले तर ते टाकून देण्यास आम्ही मोकळे आहोत. पंचाने ठरविले आणि आमच्या डोळ्यांस पटले नाही, तर तसे बोलण्यासही मोकळे आहोत. पण त्यापुढे एक पाऊलही टाकण्याचा आम्हांस अधिकार नाही. चित्रफीत पुन्हा पाहावी, नियम वाचावा, परिषदेस पत्र लिहावे. हौद्यात उतरावयाचे नाही.

जुना प्रेक्षक जोड चुकली म्हणून कुरकुरत असे. तरी कुस्ती लागली की गप्प बसून पाही, आणि हरलेला गडी चांगला लढला असेल तर उठून त्याच्याही हातावर रुपया ठेवी. निकालाचे साधन बदलले, मातीची गादी झाली, डोळ्याचा घड्याळाशी करार झाला. पण हरलेल्याच्या हातावर रुपया ठेवण्यास कोणत्याही नियमाने मनाई केलेली नाही. श्रीपूरच्या पट्ट्यात चैत्रातील पत्रके लागतील तेव्हा ती शब्दशः वाचावी, कडाडून भांडावे, आणि मैदानात ही जुनी रीत विसरू नये, एवढीच आमची विनंती आहे.