शर्कराबद्ध प्रतिऑक्सिडीकारके

वनस्पतींतील फिनॉलवर्गीय रेणूला ग्लुकोजसारखी शर्करा जोडून तयार झालेली, किंवा त्याच धर्तीवर प्रयोगशाळेत घडवलेली संयुगे. ती मुक्त मूलकांना निष्प्रभ करतात, म्हणून त्यांच्यापासून औषध काढण्याची खटपट चालते. त्यांची दोन ठळक उदाहरणे सोलापूरच्या बाजारातच मिळतात : डाळिंब आणि कांदा. 2016 मध्ये भौगोलिक मानांकन लाभलेल्या सोलापूर डाळिंबाच्या सालीतही प्युनिकॅलॅजिन असते. ग्लुकोजच्या एका रेणूभोवती फिनॉली आम्लांचे गट गुंफलेला हा अवजड रेणू, रेणुभार सुमारे 1084. साल चावताच जीभ आखडते, ती याच वर्गातील टॅनिनांमुळे. सोलापूरजवळच्या केगावला 2005 पासून राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र असल्याने फळाचा अभ्यास घराजवळच होतो, आणि रस काढल्यावर उरणारी साल हा या रेणूंचा स्वस्त साठा आहे.

मात्र शर्करा जोडली की रेणूची ताकद वाढते, हा समज टिकत नाही. रूढ डीपीपीएच चाचणीत त्या नावाच्या मुक्त मूलकाच्या जांभळ्या द्रावणात नमुना घालून ते बहुधा अर्धा तास अंधारात ठेवतात. जितके पिवळे पडेल तितका नमुना जोरकस. इथे शर्करा बहुतेकदा आड येते. कांद्यातील क्वेर्सेटिनचा जोर ज्या हायड्रॉक्सिल गटांवर, त्यांतल्याच एकावर ग्लुकोज बसते आणि जोर उतरतो. मग शर्करा हवीच कशाला? याचे उत्तर आतड्यात मिळते. नेदरलँड्समधील हॉलमन आणि सहकाऱ्यांनी 1995 मध्ये मोठे आतडे काढलेल्या व्यक्तींवर केलेल्या प्रयोगात कांद्यातील ग्लुकोसाइडांचे शोषण 52 टक्के, नुसत्या क्वेर्सेटिनचे 24 आणि रुटिन या क्वेर्सेटिनच्याच दुसऱ्या शर्कराबद्ध रूपाचे 17 टक्के आढळले. रुटिनलाही शर्करा असतेच, पण जोडशर्करा; लहान आतड्याच्या अस्तरातील एंझाइमाला ती तोडता येत नाही. रेणू कुठे उतरणार, हे शर्करा ठरवते.

यावर दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : शोषणाच्या वेळीच शर्करा सुटते, पुढे शरीर त्या रेणूला ग्लुक्युरॉनिक आम्ल चिकटवते, मग मूळ गुण उरतो किती? प्युनिकॅलॅजिन तर जसेच्या तसे रक्तात जवळजवळ पोचत नाही. आतड्यातील जिवाणू त्यापासून युरोलिथिने बनवतात, तीही सगळ्यांच्या पोटात नाही. त्यामुळे सालीच्या अर्काचा डीपीपीएच आकडा दाखवून औषधाचा दावा करणे म्हणजे बाजारात तुरी. फिनलंडमधील धूम्रपान करणाऱ्यांवरील चाचणीत बीटा-कॅरोटीन हे प्रतिऑक्सिडीकारक घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग उलट वाढलेला दिसला (1994), हेही विसरता येत नाही. आक्षेप मान्य करूनही वाट बंद होत नाही. सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून 1835 मध्ये मिळालेले फ्लोरिझिन हे शर्कराबद्ध संयुग आतड्यात तुटते. रसायनज्ञांनी शर्करेचा ऑक्सिजन-बंध बदलून कार्बन-बंध केला आणि त्या वाटेने डापाग्लिफ्लोझिन आले, 2012 मध्ये युरोपात मंजूर झालेले. ते मधुमेहाचे औषध, प्रतिऑक्सिडीकारक नव्हे. पण शर्करा कुठे टिकवायची याचा विचार आधी झाला म्हणून ते साधले. नुसता पक्का बंधही पुरत नाही : आंब्यातील मँगिफेरिन कार्बन-बंधाचेच, तरी तोंडावाटे घेतल्यास ते फार थोडे शोषले जाते.