गाडी कुठे सोडायची? : पालघर-बोईसरच्या वाटेवरून

मराठीत ‘गाडी’ या शब्दाने गेल्या दीडशे वर्षांत जेवढे मालक बदलले, तेवढे क्वचितच दुसऱ्या एखाद्या शब्दाने बदलले असतील. आधी ती बैलांची होती. मग ती आगगाडी झाली, पुढे मोटारगाडी झाली, आणि आज एखादा विद्यार्थी ‘गाडी आणली आहे’ म्हणतो तेव्हा बहुधा त्याच्या मनात दुचाकी असते. शब्दाबरोबर क्रियापदेही सरकत गेली. बैलगाडी ‘जुंपायची’ आणि ‘सोडायची’ असे. ‘गाडी सोडली’ याचा अर्थ जू उतरवले, बैल मोकळे केले, त्यांना पाणी-वैरण दाखवली. आगगाडी ‘सुटते’ आणि फलाटाला ‘लागते’. मोटार मात्र आपण ‘लावतो’. पालघरचा माणूस आज म्हणतो, ‘गाडी स्टेशनला लावतो आणि साडेसातची गाडी पकडतो.’ या एकाच वाक्यात दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि त्यामुळे कुणाचाही गोंधळ होत नाही.

मोठ्या शहराला जाताना आपले वाहन कुठे सोडावे, हा प्रश्न वरकरणी सोयी-गैरसोयीचा वाटतो. पण इतिहासाच्या अंगाने पाहिले तर तो शहराच्या सीमेचा प्रश्न आहे. नकाशावरची हद्द कुठेही असो. गावाकडून येणाऱ्यासाठी शहर तिथे सुरू होते, जिथे त्याला आपले वाहन मागे ठेवावे लागते. या दृष्टीने मुंबईची उत्तर सीमा आजवर कुठे कुठे होती, हे पालघर आणि बोईसर-तारापूर परिसरातून फार स्पष्ट दिसते.

रेल्वेच्या आधी ही सीमा पाण्यावर होती. केळवे, सातपाटी, तारापूर, चिंचणी, डहाणू ही या भागातली जुनी वस्ती समुद्राला लागून आहे. पोर्तुगीजांचे कोटही याच रेषेवर आहेत. १७३९ साली तारापूर आणि वसई मराठ्यांनी घेतली, तेव्हाही या पट्ट्याची नाडी खाड्या आणि बंदरे हीच होती. बैलगाडी बंदरापर्यंत जाई; तिथे माल पडावात चढे आणि गाडी गावाकडे वळे. खुष्कीच्या मार्गाने जायचे तर वैतरणा आणि वसईची खाडी आडवी येई. खुद्द मुंबई हे बेट होते. शीवचा बांध गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या काळात, एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या वर्षांत झाला. माहीमचा बांध अवाबाई जमशेटजी यांच्या देणगीतून १८४५ मध्ये पुरा झाला. त्यापूर्वी साष्टीतून थेट माहीमला यायचे तर तरीवाचून गत्यंतर नव्हते. म्हणजे गाडी कुठे सोडायची, याचे उत्तर निसर्गानेच देऊन ठेवले होते : जिथे पाणी लागेल तिथे.

गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ १८६३ साली प्रसिद्ध झाले. मराठीतल्या नगरवर्णनपर वाङ्मयाचा विचार करताना आपण त्या ग्रंथापासून आरंभ करतो. इथे एक योगायोग ध्यानात घेण्यासारखा आहे. त्यानंतरच्याच वर्षी, १८६४ च्या नोव्हेंबरमध्ये, बॉम्बे बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेची गाडी उत्तरेकडून ग्रँट रोडपर्यंत आली. माडगावकरांच्या ग्रंथाची शाई वाळते न वाळते तोच मुंबईत शिरण्याचा एक नवा दरवाजा उघडला होता.

या रेल्वेने पालघर परिसराचा भूगोलच उलटा केला. खाड्यांची रुंद मुखे टाळण्यासाठी लोहमार्ग किनाऱ्यापासून आत, काही मैल पूर्वेला टाकला गेला. परिणामी नांदती गावे पश्चिमेला राहिली आणि स्थानके तुलनेने ओसाड जागी उभी राहिली. विरारच्या पुढची नावे मोठ्याने वाचावीत : वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर, वाणगाव, डहाणू रोड. यातल्या ‘रोड’ या शब्दाकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ग्रँट रोड, चर्नी रोड या मुंबईतल्या स्थानकांतला ‘रोड’ म्हणजे शहरातलाच एक रस्ता. केळवे रोड, डहाणू रोड, वसई रोड यांतला ‘रोड’ अगदी वेगळा. त्याचा अर्थ असा : हे केळवे नव्हे, इथून केळव्याला रस्ता जातो. स्थानकाच्या पाटीवरच कबुली दिलेली आहे की गाव अजून लांब आहे, आणि तिथवरचे वाहन तुमचे तुम्ही पाहा.

ही पद्धत इंग्रजी रेल्वेकडून आलेली. इंग्लंडच्या कॉर्नवॉल परगण्यात बॉडमिन गावापासून काही मैलांवर १८५९ मध्ये ‘बॉडमिन रोड’ नावाचे स्थानक उघडले. पुढे १९८३ मध्ये त्याचे नाव बदलून ‘बॉडमिन पार्कवे’ करण्यात आले. त्याआधी १९७२ मध्ये ब्रिस्टल शहराबाहेर ‘ब्रिस्टल पार्कवे’ हे स्थानक, मोटार ठेवून आगगाडीने पुढे जाणाऱ्यांसाठीच, बांधले गेले होते. ‘रोड’चा ‘पार्कवे’ झाला, म्हणजे काय झाले? गाव लांब आहे ही उणीव होती. तिचेच सोयीत रूपांतर करण्यात आले. स्थानक गावाबाहेर आहे ना, मग तिथे मोकळी जागा असेल. त्या जागेत मोटारी ठेवा. आपल्याकडे ‘रोड’ राहिला. त्याच्या पुढचा विचार मात्र नावातही झाला नाही आणि जमिनीवरही झाला नाही.

तरीही केळवे रोड किंवा बोईसर स्थानकाबाहेर बैलगाड्या आणि टांगे थांबत होते, तोवर हा अभाव जाणवण्याजोगा नव्हता. बैलगाडी माणसाला सोडून परत जाते. ती दिवसभर जागा अडवून बसत नाही. हाच मोटार आणि गाडी यांतला खरा भेद आहे. मोटार धन्याची वाट पाहत राहते, आणि वाट पाहण्यासाठी तिला जमीन लागते.

ही जमिनीची मागणी बोईसरमध्ये विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आली. तारापूर अणुविद्युत केंद्राच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांतून ऑक्टोबर १९६९ मध्ये व्यापारी तत्त्वावर वीज मिळू लागली. पाठोपाठ औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत वाढली. केंद्राचे आणि वसाहतीचे नाव ‘तारापूर’, पण माणसे उतरत बोईसरला. किनाऱ्यावरच्या कोटाचे नाव कारखान्यांनी घेतले, आणि ज्या स्थानकाच्या नावात ‘रोड’ कधीच नव्हता ते बोईसर व्यवहारात ‘तारापूर रोड’ झाले. देशाच्या अनेक भागांतून आलेल्या कामगारांचे ते गाव बनले.

त्याच काळात दुसरी वाट रुंद होत होती. मुंबई-अहमदाबाद महामार्ग, जुना आठ क्रमांकाचा आणि आताचा अठ्ठेचाळीस, हा लोहमार्गाच्याही पूर्वेला मनोरवरून जातो. म्हणजे या प्रदेशात तीन समांतर रेषा झाल्या : किनाऱ्यावर जुनी गावे, मध्ये रेल्वे, आणि पूर्वेला महामार्ग. पालघरच्या माणसाला मोटारीने मुंबईला जायचे तर आधी पूर्वेला मनोर गाठावे लागते, मग दक्षिणेला वळून वसईची खाडी ओलांडावी लागते, आणि मग दहिसरचा नाका येतो.

‘नाका’ हा शब्दही शहराच्या उंबरठ्याचाच. जकात नाका, टोल नाका, चेक नाका. मुंबईतील जकात जुलै २०१७ मध्ये वस्तू व सेवा कराबरोबर संपली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशद्वारांवर हलक्या वाहनांचा पथकर माफ झाला. शहरात शिरणे स्वस्त झाले. परंतु शिरल्यावर थांबायचे कुठे? जुलै २०१९ मध्ये मुंबई महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांच्या परिसरात बेकायदा वाहन उभे करणाऱ्यांवर हजारो रुपयांचा दंड लावायला सुरुवात केली, तेव्हा त्याची मोठी चर्चा झाली. दंडाचे समर्थन करता येईल. मुंबईचे रस्ते मुंबईकरांच्याच मोटारींना पुरत नाहीत. मात्र या दोन निर्णयांतली विसंगती नजरेआड करता येत नाही. एक निर्णय बाहेरच्या मोटारीला ‘ये’ म्हणतो, दुसरा ‘थांबू नकोस’ म्हणतो. जिथे ती थांबावी, त्या जागेविषयी दोन्ही निर्णय गप्प आहेत.

शहाणा माणूस त्यामुळे मोटार आपल्या गावीच ठेवतो. २०१३ च्या एप्रिलमध्ये उपनगरी गाडी विरारच्या पुढे डहाणू रोडपर्यंत धावू लागली, आणि हा शहाणपणा हजारो लोकांचा नित्यक्रम झाला. १८६७ मध्ये विरारहून मुंबईला पहिली उपनगरी गाडी निघाली होती. तिथून डहाणूपर्यंतचे साठ-पासष्ट किलोमीटर ओलांडायला उपनगर या कल्पनेला जवळपास दीडशे वर्षे लागली. पण या विस्ताराची एक बाजू अलिखित राहिली. मुंबईने जी वाहने आपल्या रस्त्यावर नकोत असे ठरवले, ती नाहीशी झाली नाहीत. ती पालघर, बोईसर, सफाळे इथल्या स्थानकांबाहेरच्या अरुंद रस्त्यांवर उभी राहिली. महानगराचा वाहनतळ महानगराबाहेर गेला, आणि त्याची जागा लहान गावाच्या बाजाराने, रिक्षाथांब्याने, पायी चालणाऱ्याच्या कडेने दिली.

ही जागा कुणाची जाते, हा या विषयातला सर्वांत गंभीर प्रश्न आहे. पहाटेच्या गाडीला सातपाटीहून येणारी मासळीवाली टोपली घेऊन येते. तिला वाहन ठेवायचे नसते, तिला उतरायला दोन हात जागा हवी असते. कारखान्यात कामाला जाणारा वारली तरुण सामायिक रिक्षाने येतो. जव्हार-मोखाड्याकडून एसटीने येणाऱ्यासाठी तर पालघर हेच मोठे शहर आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्ह्याचे ठाणे झाल्यापासून सातबारा, दाखला, अर्ज, सुनावणी या सर्वांसाठी त्याला इथेच यावे लागते. आणि नवे जिल्हा मुख्यालय पालघर-बोईसर रस्त्यावर, स्थानकापासून दूर, उभे राहिले. वाहन असणाऱ्याला तिथे ते लावायला जागा आहे. नसणाऱ्याला स्थानकापासून पुन्हा एक वाहन शोधावे लागते. मुंबईने पालघरला जे सांगितले, तेच पालघर आता जव्हारला सांगू लागले आहे की काय, असा प्रश्न पडतो.

येत्या काळात हा प्रश्न आणखी वाढणार आहे. वाढवण बंदराची पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. अतिजलद रेल्वेचे एक स्थानक बोईसरसाठी नियोजित आहे. विरार-डहाणू चौपदरीकरण मंजूर होऊन बरीच वर्षे लोटली. प्रत्येक नव्या मार्गाबरोबर नवे स्थानक येईल, आणि प्रत्येक स्थानकाबाहेर कुणीतरी आपली गाडी लावील. तेव्हा १८६४ चीच चूक पुन्हा होऊ नये. स्थानकाचे नाव ठरवताना तिथून गावाकडे जाणाऱ्या रस्त्याचा, आणि त्या रस्त्यावरून पायी येणाऱ्याचाही, विचार आधी व्हावा.

मराठीला यासाठी शब्द नवा शोधावा लागणार नाही. पुण्यात हडपसरचा गाडीतळ आजही त्याच नावाने ओळखला जातो. ‘वाहनतळ’ हा त्याचाच सुशिक्षित धाकटा भाऊ. ‘तळ’ म्हणजे नुसती उभे राहण्याची जागा नव्हे. जिथे तळ पडतो तिथे पाणी असते, सावली असते, माणसाला आणि जनावराला विसावा असतो. आपण शब्द ठेवला, त्यातला विसावा तेवढा गाळला. पालघर-बोईसरच्या नव्या आराखड्यांत तो परत आला, तर ‘गाडी सोडणे’ या जुन्या क्रियापदाला पुन्हा अर्थ येईल.