कीर्तनकाराची कीर्ति कोणाची?



इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तहनामे आपल्या डोळ्यांपुढें उभे राहतात. शाळेंत असतांना मींही मुलांकडून तेंच पाठ करून घेतलें. परंतु देवाचें नांव गाऊन ज्यांनीं लोकांच्या मनावर राज्य केलें, त्यांची हकीकत क्रमिक पुस्तकांत क्वचितच सांपडते. आज अशाच एका गायकाची कथा सांगावयाची आहे. प्रश्न असा कीं, देवासाठीं गाणारा मनुष्य देवळाबाहेरच्या अफाट समुदायास प्रिय झाला, म्हणजे त्याच्या गाण्याचें आणि त्याचें स्वतःचें काय होतें?

हा प्रश्न एकट्या आपल्या देशाचा नव्हे. न्यूयॉर्क शहरांत योसेले रोझेनब्लाट नांवाचे एक ज्यू प्रार्थनागायक होऊन गेले. जन्म १८८२ चा. प्रार्थनामंदिरांत गाणाऱ्या या धर्मनिष्ठ गृहस्थांचा आवाज ज्यूंखेरीज इतरांनाही वेड लावी. १९१८ सालीं शिकागोच्या एका ऑपेरा कंपनीनें त्यांना प्रत्येक प्रयोगास १००० डॉलर देऊं केले. त्यांनीं नकार दिला. दाढी आणि शब्बाथचा विसावा यांस ते जपत होते. पुढें कर्ज झालें, तेव्हां करमणुकीच्या रंगमंचावर उभें राहावें लागलें. पण तेथेंही शुक्रवारच्या सायंकाळीं ते गात नसत. १९२७ च्या ‘द जॅझ सिंगर’ चित्रपटांत ते दिसले, परंतु पवित्र प्रार्थना पडद्यावर म्हणण्याचें त्यांनीं नाकारलें. कीर्ति दारीं आली असतां ‘येथपर्यंत, यापुढें नाहीं’ अशी रेघ त्यांनीं ओढली. १९३३ सालीं जेरुसलेम येथें त्यांचा अंत झाला.

अमेरिका दूर राहिली. आमच्या कोंकणांतील बेने इस्रायल हे मराठी बोलणारे ज्यूच. १८८० च्या सुमारास मुंबईच्या बेने इस्रायल मंडळींनीं आपला धर्म आपल्या माणसांस समजावा म्हणून कोणतें साधन निवडलें? आपलें मराठी कीर्तन! साकी, दिंडी या आपल्याच चालींवर अब्राहाम आणि मोशे यांचीं आख्यानें रंगूं लागलीं. यावरून कीर्तनाचें सामर्थ्य ध्यानांत यावें. आणि याच कीर्तनाच्या जोरावर अलौकिक लोकप्रियता मिळविलेला पुरुष आमच्या नांदेड भागांत वास करून गेला, ही गोष्ट आम्हां मराठवाड्यांतील लोकांस अभिमानाची आहे. ते संतकवि दासगणू महाराज होत.

त्यांचें मूळ नांव गणेश दत्तात्रेय सहस्रबुद्धे. जन्म १८६८ चा, नगर जिल्ह्यांतील अकोळनेर येथला. हे गृहस्थ पोलिसांत शिपाई होते, आणि लावण्या रचण्याचा त्यांना मोठा नाद होता. नानासाहेब चांदोरकर या सरकारी अधिकाऱ्याबरोबर ते प्रथम शिर्डीस गेले. साईबाबांनीं त्यांना नोकरी सोडावयास सांगितलें. पण फौजदारीची आशा सुटेना. वचन द्यावें आणि मोडावें, असें पुष्कळ वर्षें चाललें. अखेर १९०३ च्या सुमारास पट्टा उतरला आणि हातांत चिपळ्या आल्या. लावणीकाराची शब्दांवरील हुकमत मात्र वायां गेली नाहीं. तीच पुढें संतचरित्रांच्या कामीं आली.

दाभोलकरांच्या साईसच्चरितांत एक प्रसंग आहे. गणुदास अंगरखा, उपरणें, फेटा असा थाट करून कीर्तनास निघाले. बाबांनीं, नवरदेवासारखे नटून कोठें चाललां, अशी थट्टा केली आणि ते कपडे उतरविले. तेव्हांपासून उघडें अंग, गळ्यांत माळ आणि हातीं चिपळ्या, या नारदीय वेषानेंच ते उभे राहूं लागले. रोझेनब्लाट यांची दाढी आणि दासगणूंचें उघडें अंग यांत मला एकच तत्त्व दिसतें. सभा मोठी झाली म्हणजे गायकाचें लक्ष गाण्यावरून स्वतःच्या रूपाकडे वळूं पाहतें. त्या वेळीं असें एखादें बाह्य चिन्हच त्याला ताळ्यावर ठेवतें.

मुंबई-ठाण्याकडील कीर्तनांतून ते साईबाबांची तसबीर जवळ ठेवीत. ठाण्याच्या कौपीनेश्वराच्या देवळांत एकदां त्यांचें कीर्तन चाललें होतें. श्रोत्यांत दिवाणी कोर्टांतील चोळकर नांवाचा एक गरीब उमेदवार होता. परीक्षा उतरून नोकरी कायम झाली तर शिर्डीस जाऊन खडीसाखर वांटीन, असा नवस त्यानें तेथेंच केला. नोकरी कायम झाली, पण प्रवासास पैसे नव्हते. म्हणून तो बिनसाखरेचा चहा पिऊं लागला. या चहाच्या पेल्यांत त्या काळचा सारा मध्यम वर्ग दिसतो. ज्यानें शिर्डी पाहिली नव्हती, त्याला शिर्डीची वाट कीर्तनानें दाखविली.

आतां नांदेडची गोष्ट. येथें रतनजी शापुरजी वाडिया हे धनवान पारशी व्यापारी होते. त्यांना पुत्र नव्हता. आपलें दुःख त्यांनीं दासगणूंपाशीं सांगितलें आणि दासगणूंनीं त्यांना शिर्डीस धाडिलें. बाबांनीं ५ रुपये दक्षिणा मागितली, आणि ३ रुपये १४ आणे आधींच पोंचले असें म्हटलें. तो आंकडा नांदेडच्या मौलीसाहेब नांवाच्या मुसलमान साधूच्या सत्काराला आलेल्या खर्चाचा निघाला. हे साधु हमाली करून राहत. चमत्काराचा भाग ज्याचा त्यानें मानावा. मला यांत निजामी अंमलांतील नांदेड दिसतें, जेथें पारशी शेटजी ब्राह्मण कीर्तनकाराचा सल्ला घेई आणि मुसलमान हमालाच्या पायां पडे.

दासगणूंचें लेखनही मोठें आहे. ‘भक्तलीलामृत’, ‘संतकथामृत’, ‘भक्तिसारामृत’ हे ग्रंथ, आणि १९३९ सालीं शेगांव येथें रचिलेला ‘श्रीगजानन विजय’. इतिहासाच्या तराजूंत घातलीं तर या चरित्रांतील कित्येक कथा ऐकीव ठरतील, हें इतिहासाच्या शिक्षकानें लपवूं नये. परंतु लोकांनीं कोणत्या श्रद्धेवर दिवस काढले, हाही इतिहासच आहे, आणि त्याचें साधन म्हणून या ग्रंथांची योग्यता मोठी आहे. १९६२ सालीं पंढरपुरास महाराजांनीं देह ठेविला. त्यांची समाधि नांदेड जिल्ह्यांत उमरीजवळ गोरटें येथें आहे.

तर मग ही कीर्ति शेवटीं कोणाच्या पदरीं पडली? रोझेनब्लाट यांनीं कीर्तीपासून आपला धर्म राखला. दासगणूंनीं कीर्तीच दुसऱ्याच्या स्वाधीन केली. ‘गजानन विजया’चें पारायण आज घरोघरीं होतें, पण कर्त्याचें नांव विचारिलें तर पुष्कळदां उत्तर येत नाहीं. शिर्डीला पंढरपूर मानणारी त्यांची आरती तेथें रोज म्हटली जाते; अखेरीस ‘गणु’ ही मुद्रा येते आणि टाळ्यांच्या नादांत निघून जाते. हें विस्मरण मला प्रथम अन्यायाचें वाटे. आतां वाटतें कीं, कीर्तनकाराला हवें होतें तें हेंच. त्यानें तसबीर शेजारीं ठेविली ती लोकांची नजर तिकडे जावी म्हणून. आणि ती गेली. तथापि त्यानें स्वतःस विसरावें हा त्याचा मोठेपणा. आपण त्यास विसरावें हा मात्र आपला मोठेपणा नव्हे. एवढें ध्यानीं धरून, पुढील वेळीं ती आरती म्हणतांना त्या शेवटच्या मुद्रेपाशीं क्षणभर थांबावें, इतकीच आपणांस विनंति आहे.