अंबाडी, कण्या आणि उलटा हिशोब

आजचा विषय माझ्या गच्चीवरून आलाय, त्यामुळे सुरुवात तिथूनच करते.

हैदराबादला यंदा पाऊस बरा झाला. मी हौसेने बारा पिशव्यांत अंबाडी लावली होती. जुलै संपेपर्यंत तिने मला हात टेकायला लावले. खुडावं तेवढं जास्त फुटतं, आणि दोन दिवसांआड टोपलीभर पाला निघतो. शेजारी वाटला, कामाला येणाऱ्या मावशींना दिला, खालच्या वॉचमनला दिला. चौथ्या खेपेला शेजारच्या तेलुगू बाईंनी दार उघडून माझ्या हातातली पिशवी पाहिली आणि हसून म्हणाल्या, "फिरसे गोंगुरा?" तेव्हा मी ओशाळून परत आले आणि विचार करू लागले, की पूर्वी घराघरांत इतका पाला येत असे, तेव्हा आपली माणसं त्याचं काय करत असतील?

आधी नावं बघू. लातूर-धाराशिवकडे ही अंबाडी. कलबुर्गीकडे गेलात की पुंडी, आणि तिची पुंडी पल्या. तेलंगणात पुंटी कूर. आंध्रात गोंगुरा. वनस्पतीशास्त्राच्या हिशोबाने यात जास्वंदीच्या कुळातल्या दोन सख्ख्या बहिणी आहेत, एक हिरव्या देठाची आणि एक लालसर, पण स्वयंपाकघर त्यांना एकच धरतं. गंमत अशी, की कलबुर्गीची पुंडी पल्या आणि मराठवाड्यातली अंबाडीची भाजी या दोन्हींत ज्वारीच्या कण्या पडतात. तिकडे कण्यांना नुच्चू म्हणतात. लोक मला विचारतात, ही भाजी मूळची कुणाची, कन्नड की मराठी? प्रश्नच चुकीचा आहे. १ नोव्हेंबर १९५६ला राज्यांची पुनर्रचना झाली, तोपर्यंत मराठवाड्याचे पाच जिल्हे, तेलंगण आणि कलबुर्गीकडचा कन्नड मुलूख एकाच हैदराबाद राज्यात होते. आणि त्या राज्याच्याही आधीपासून हा सगळा ज्वारीचा पट्टा होताच. सीमा नंतर आल्या, भाजी होती तिथेच राहिली.

आता जरा शेतात चला. अंबाडी भाजीसाठी पेरलीच जात नसे, निदान मुख्यतः तरी नाही. ती लावायची वाखासाठी. ज्वारी-तुरीच्या कडेने किंवा मधून एखादी ओळ. झाड पुरुषभर वाढलं की कापायचं, पाण्यात कुजवायचं, साल सोलून वाख काढायचा आणि त्याचे कासरे, दावी, चऱ्हाटं वळायची. बैल होता तोवर दोर लागणारच. इंग्रज व्यापाऱ्यांनी या वाखाला 'डेक्कन हेम्प' म्हटलं, आणि आंध्रच्या किनाऱ्यावरच्या भीमुनिपट्टणम बंदरावरून 'बिमली ज्यूट' हेही नाव पडलं. म्हणजे अंबाडीचा पाला हे मुळात दोराचं उपउत्पन्न. झाड कोवळं असताना खुडायचा, फुकट.

एकदा हे लक्षात आलं की बाकीच्या पालेभाज्याही वेगळ्या दिसायला लागतात. हरभऱ्याचे शेंडे खुडतात, कारण खुडल्यावर झाडाला फांद्या जास्त फुटतात आणि घाटे वाढतात. त्या शेंड्यांची भाजी. करडईची दाट उगवलेली रोपं विरळ करावी लागतात, त्या उपटलेल्या रोपांची भाजी. गव्हातलं तण म्हणजे चाकवत. खरिपातल्या खुरपणीत निघते ती घोळ आणि तांदुळजा. खुरपायला बसलेली बाई संध्याकाळी घरी येताना ओटीत जे घेऊन यायची, ती त्या दिवशीची भाजी. यातली एकही वेगळी पेरलेली नाही, विकत घेतलेली नाही.

म्हणूनच हिच्या इतिहासाला कागद कमी. जुन्या दप्तरांत जमिनीचा सारा मिळतो, धान्याच्या खंड्या मिळतात, बाजारात बसणाऱ्या माळ्याकडून घ्यायच्या हक्काच्या नोंदीही सापडतात. पण ओटीतल्या भाजीवर कर नव्हता, आणि ज्यावर कर नाही ते लिहायला कारकून कशाला शाई घालवेल?

पुस्तकांत मात्र ती आहे, आणि फार जुनी आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सत्ताविसावा अध्याय अन्नपानाचा. त्यात शाकांचा स्वतंत्र वर्ग आहे. तिथला 'तण्डुलीयक' म्हणजे आपला तांदुळजा, नाव जवळजवळ तसंच चालत आलंय. 'वास्तुक' म्हणजे चाकवत, हिंदीतला बथुआ. 'उपोदिका' म्हणजे मयाळू, बंगालीत तिचा पुई झाला. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथे दिलेली रीत. पाला शिजवावा, पिळून त्याचा रस काढून टाकावा, मग भरपूर स्नेह म्हणजे तेल-तूप घालावं, असा शाक चांगला. आणि आमच्या घरी अंबाडी कशी करतात? उकडायची, घट्ट पिळायची, आणि वरून लसणाची चरचरीत फोडणी, हात न आखडता. पाणी फेकल्याने काही जीवनसत्त्वं जातात हे खरं, पण आंबटपणा सोसवेल इतका उतरतो.

महाराष्ट्राबाहेरच्या श्रोत्यांसाठी आणखी एक पुस्तक सांगते. तंजावरला व्यंकोजी भोसल्यांचं राज्य आलं, त्यानंतर सतराव्या शतकाच्या अखेरीस, राणी दीपाबाईंच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ पंडितांनी 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. काय खावं, कशाचा गुण काय, कधी खाऊ नये, असा तो सगळा पसारा. मराठी माणूस घर सोडून लांब गेला की खाण्याबद्दल लिहायला लागतो, ही सवय आजची नाही.

पण या ग्रंथांतून माझ्या टोपलीचं उत्तर मिळेना. शेवटी आईला विचारलं. आई आता माझ्याकडेच असते. तिचं सासर, म्हणजे माझं गाव, लातूरजवळ. तिचं लग्न झालं तेव्हा लातूर जिल्हासुद्धा नव्हता, तो १९८२ साली वेगळा झाला. मी तिला सांगितलं, की मी पाच जुड्यांच्या अंदाजाने पाला घेते, त्यात मूठभर कण्या, थोडी तुरीची डाळ, भिजवलेले शेंगदाणे. बरोबर आहे ना?

ती म्हणाली, "अगं, भाजीत कण्या नव्हते टाकत. कण्यांत भाजी टाकायचे."

मला कळायला दोन मिनिटं लागली. तुम्हीही जरा थांबा इथे.

ज्वारी भरडून चाळली की पीठ खाली पडतं आणि कण्या वर राहतात. घरात माणसं अकरा. पिठाच्या भाकरी आधी कामावर जाणाऱ्यांना. उरल्या त्या कण्या, त्याही मोजक्या. पातेलं तर भरलं पाहिजे. मग जेवढं कमी पडतंय तेवढा पाला. मी समजत होते की भाजी दाट व्हावी म्हणून धान्य घालतात. पाककृतींच्या पुस्तकांतही तसंच वाटतं, कारण ती पुस्तकं धान्य पुरेसं असलेल्या घरांसाठी लिहिलेली असतात. मुळात हिशोब उलटा होता. धान्य वाढवायला पाला होता. ताटात अंबाडी जितकी हिरवीगार, तितकी कणगी रिकामी.

त्यानंतर मला गरगटं, ताकातला चाकवत, बेसन लावलेली घोळ, सगळंच वेगळ्या डोळ्यांनी दिसू लागलं. प्रत्येक ठिकाणी विचारावंसं वाटतं, कोण कोणाला पुरवठ्याला आलंय?

मग मी माझा सिद्धान्त पुढे रेटला. म्हणजे दुष्काळात पालेभाज्यांनीच माणसं जगवली असणार! याला आधारही होता. १८७६ ते ७८चा मोठा दुष्काळ दख्खनने भोगला, आणि १८८६ साली मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा पंचविसावा, वनस्पतींचा खंड निघाला. त्यात गोव्याच्या डॉ. लिस्बोआ यांनी उपयुक्त वनस्पतींबरोबर दुष्काळात खाल्ल्या जाणाऱ्या वनस्पतींचीही वेगळी नोंद केली. त्याहून जुनी आहे शाकंभरी. देवीमाहात्म्याच्या अकराव्या अध्यायात देवी सांगते, की शंभर वर्षं पाऊस पडणार नाही तेव्हा मी माझ्याच देहातून उगवलेल्या शाकांनी जग पोशीन. बदामीची बनशंकरी ती हीच, महाराष्ट्रातल्या कितीतरी घरांची कुलदेवी. पौषात तिच्या नवरात्रात तिथे भाज्यांचा नैवेद्य असतो. पालेभाजीची देवी ही सुकाळाची नाही, दुष्काळाची देवी आहे.

हे सगळं मी आईला रंगवून सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बहात्तरला पालाच नव्हता."

पाऊसच नाही तर तण तरी कुठून उगवणार? १९७२ला तिच्या लग्नाला दोनच वर्षं झाली होती. ती खडी फोडायला जायची. रेशनवर अमेरिकेतून आलेला लाल मिलो मिळायचा, त्याच्या भाकरी. त्या वर्षी अंबाडी गुडघ्याएवढीही झाली नाही. "मग काय खाल्लं?" तर म्हणाली, आदल्या वर्षीची वाळवलेली अंबाडी होती गाडग्यात. सासूबाईंनी वाळवून ठेवलेली. मिलोच्या कण्यांत ती टाकून दिवाळीपर्यंत ओढली.

हे तिने इतकी वर्षं कधी सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं म्हणा.

एक गोष्ट राहिली, ती 'अस्सल गावरान' म्हणणाऱ्यांसाठी. अंबाडी मूळची आफ्रिकेची. ज्वारीही आफ्रिकेचीच, फक्त काही हजार वर्षांपूर्वी आलेली. मिरची आणि शेंगदाणा अमेरिका खंडांकडून, पोर्तुगिजांच्या काळात. आणि भुईमुगाची शेती आपल्याकडे खऱ्या अर्थाने पसरली ती एकोणिसाव्या शतकात. त्या आधी वरचं तेल करडईचं, जवसाचं किंवा तिळाचं असणार. या भाजीतली तूरडाळ तेवढी नक्की इथली.

आता माझ्या टोपलीचं काय झालं ते सांगते. शेजारच्या बाईंची रीत निराळी. त्या पाण्याचा थेंब लावत नाहीत. धुऊन सावलीत पूर्ण सुकवलेला पाला भरपूर तेलात परततात, लाल मिरची, मीठ, आणि ती पच्चडी बरणीत टिकते. मी दोन बरण्या केल्या. चांगली झाली, पण तेल पाहून छाती दडपली. एवढं तेल हाताशी असणाऱ्या मुलखाची ती युक्ती. आमच्या गावात ते शक्य नव्हतं.

उरलेल्याला आईने जुनी नऊवारी काढायला लावली. बाहेर पाऊस, म्हणून ती हॉलमध्ये पंख्याखाली अंथरली आणि देठ काढलेला पाला विरळ पसरला. तीन दिवस झाले. कडेचा पाला कुरकुरीत झालाय, मधला अजून मऊ आहे. आई दुपारी उठून तो वरखाली करते, आणि आम्ही सगळे भिंतीला धरून ये-जा करतो.